सावेडीतल्या नऊ किल्ल्या

राहुरीनंतर विळद घाट चढून गाडी वर आली की ऊस संपतो आणि कोरडं, पिवळं माळरान सुरू होतं. मग गोदामं, कारखान्यांची शेडं, आणि अचानक दोन्ही बाजूंना साड्यांची, सोन्याची, मोटारींची काचेची दुकानं. हीच सावेडी. फलकांवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असलं तरी कंडक्टरने 'नगर, सावेडी नाका' असाच पुकारा केला आणि मी माझी एकुलती बॅग घेऊन भर दुपारी उतरले.

मी नाशिकहून आले होते ती एका कामासाठी. माझ्या थोरल्या नणंद, सुमनताई, यांना मी वन्सं म्हणते. प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाल्या, यजमान वारले, मुलगा कॅनडात. सावेडीतल्या बंगल्यात एकट्या राहतात. महिन्यापूर्वी त्या न्हाणीघरात पडल्या. हाड मोडलं नाही, पण आम्हाला ही गोष्ट पंधरा दिवसांनी कळली, तीही तिसऱ्याच्या तोंडून. 'घेऊनच ये,' असं यांनी मला बजावलं होतं. मी परतीची दोन आरक्षणं करूनच निघाले होते. समोरचा माणूस हो म्हणाल्यावर तिकीट काढायचं, ही माझी पद्धत नाही.

नाक्यावर रिक्षा केली. चालक पन्नाशीचा, गळ्यात मफलर, बोलका.

"कुठं सोडू ताई?"

"अनुराधा कॉलनी. पाईपलाईन रोडच्या आत."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "तिथं मानसं लई दिसत्यात, पन भेटत कुनी न्हाई."

"म्हणजे?"

"गेल्या हप्त्यात सांच्याला एक पार्सल घिऊन गेल्तो. दारात चपला, आत दिवा, रेडिओ चालू. बेल मारून मारून बोट दुखलं. शेजारी गेलो, तिथं बी त्येच."

"झोपले असतील."

"समदीच?"

रिक्षावाल्यांना गप्पांची सवय असते.

सावेडी म्हणजे जुन्या नगरच्या वेशीबाहेर वाढलेलं नवं नगर. दिल्ली दरवाजा, तोफखाना, कापडबाजार हे सगळं आत राहिलं. ज्यांना पेन्शन मिळाली, ज्यांची मुलं शिकली, ते या बाजूला येऊन बंगला बांधून राहिले. गुलमोहर रोडवर दवाखाने, शिकवण्या, आईस्क्रीमची दुकानं. चेहऱ्याला ओढणी गुंडाळून स्कूटर हाकणाऱ्या मुली. प्रोफेसर कॉलनीच्या चौकात तर रस्ता ओलांडायला पाच मिनिटं गेली. पण मुख्य रस्ता सोडून आत वळलो आणि कुणीतरी दार लोटून घ्यावं तसा सगळा आवाज बंद झाला.

कॉलनीच्या तोंडाशी रस्ता खणलेला होता, म्हणून तिथेच उतरले. तेवढ्यात लांब कुठेतरी धप्पकन दणका बसला. बंगल्यांच्या काचा थरथरल्या.

"रणगाडं," चालक म्हणाला. "लष्कराचा सराव चालतो तिकडं माळाला. हितं कुनी वळून बी बघत न्हाई." आणि तो निघून गेला.

सरळ एक गल्ली, दोन्ही बाजूंना सात-सात बंगले. 'मातृछाया', 'गुरुकृपा', 'श्रमसाफल्य'. प्रत्येक दारात रांगोळी, अगदी त्याच सकाळची. प्रत्येक पायरीवर चपलांचे दोन जोड, एक पुरुषाचा, एक बाईचा. गच्चीवर, नाहीतर अंगणात, तारेवर कपडे. वन्संचं घर नेमकं कुठलं ते आठवेना, कारण मी दहा वर्षांत आले नव्हते. म्हणून 'गुरुकृपा'ची बेल वाजवली. कुणी आलं नाही. 'मातृछाया'ची वाजवली. आत बेल घुमली, आणि रिकाम्या पिंपात काही टाकावं तसा तिचा आवाज बराच वेळ फिरत राहिला.

मग मी तारेवरच्या सदऱ्याकडे नीट पाहिलं. उन्हाची बाजू पांढुरकी पडली होती, सावलीची बाजू निळी होती. चिमट्याच्या गंजाचा तपकिरी डाग कापडात मुरला होता. हा सदरा कित्येक महिने तिथेच असणार. शेजारच्या घरातली साडी तशीच. समोरचा टॉवेल तसाच. मी भित्री नाही, पण तिसरी बेल वाजवली नाही, हे कबूल करते.

उजवीकडचा पाचवा बंगला 'कृतार्थ'. तिथे चपलांचे तीन जोड होते आणि मागच्या खोलीत भर दुपारी दिवा जळत होता. विजेची ही नासाडी मला खटकली, म्हणून ते लक्षात राहिलं. त्याच्या पुढचंच घर वन्संचं निघालं, 'आशीर्वाद'.

वन्सं दारातच उभ्या होत्या. पूर्वीपेक्षा वाळलेल्या, पण ताठ.

"ये. बेला वाजवत फिरत होतीस ना? ऐकलं मी."

"कुणी दार का उघडत नाही, वन्सं?"

"असतील तर उघडतील," त्या म्हणाल्या. "आधी पाणी पी."

बैठकीच्या भिंतीवर लाकडी फळी होती आणि फळीला नऊ खिळे. प्रत्येक खिळ्याला एक किल्ली, खाली शाळेतल्यासारख्या सुंदर अक्षरात घराचं नाव. चौदांपैकी नऊ घरं बंद. मुलं पुण्याला, बंगळुरूला, परदेशात, आणि आईवडील त्यांच्याकडे. दोन वर्षांपूर्वी गल्लीत एका घरात चोरी झाली. तेव्हापासून वन्सं आणि समोरच्या सिस्टर या दोघींनी घरं जागती ठेवण्याचं काम घेतलं होतं. सिस्टर म्हणजे मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. सम तारखा सिस्टरच्या, विषम वन्संच्या. सकाळी दारापुढे रांगोळी. दिवेलागणीला समोरच्या खोलीत दिवा आणि बारीक आवाजात रेडिओ, तो सकाळी बंद. चपला, कपडे कायमचे.

"समोरच्या खोलीच्या पुढे पाऊल टाकायचं नाही, हा नियम," त्या म्हणाल्या. "लोकांची घरं आहेत."

मी विषय काढला. "वन्सं, उद्या दुपारच्या गाडीची दोन आरक्षणं आहेत."

"बघू," असं म्हणून त्यांनी चपला घातल्या. "चल, तुला भिस्तबाग महाल दाखवते. घरात बसून भांडण्यापेक्षा बरं."

भिस्तबाग महाल पायी पंधरा-वीस मिनिटांवर. निजामशाहीच्या काळात इथे बाग होती, बहिश्त म्हणजे स्वर्ग. आता चारी बाजूंना प्लॉट, अर्धवट इमारती, भेळेच्या गाड्या, आणि मधोमध जुन्या दगडाची दोन मजली वास्तू. दारं नाहीत, खिडक्या नाहीत, नुसत्या कमानी. आत शिरलो तर पारव्यांचा घूंघूं आवाज आणि ओल्या चुन्याचा वास. लांब माळावर पुन्हा दणका बसला आणि सगळे पारवे एकदम उडाले. वन्संनी मानही वळवली नाही.

"भीती नाही वाटत इथे?" मी विचारलं.

"याची कशाला? हे रिकामं आहे आणि रिकामंच दिसतं." त्या कमानीतून बाहेर, आमच्या गल्लीच्या दिशेने पाहत होत्या. "तुला म्हणून सांगते. पडले त्या दिवशी मी दोन तास न्हाणीत होते. ओरडले. पण माझ्या दारात रांगोळी होती, चपला होत्या. कोण काय समजणार?"

"मग चला ना माझ्याबरोबर."

"आणि ती नऊ घरं? सिस्टरचे गुडघे गेलेत. तिच्याकडून एकटीला होणार नाही. आणि तिथे तुमच्या फ्लॅटमध्ये मी काय करू? दिवसभर पंख्याखाली बसू?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते परतीच्या वाटेवर द्यायचं ठरवलं. दिलं नाही, कारण सहा वाजले आणि पाळी वन्संची होती. त्या दिवशी अकरा तारीख.

मी त्यांच्याबरोबर फिरले. सगळ्या दारांना आतून-बाहेरून चालणारी लॅचची कुलपं. कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, रेडिओ सुरू करायचा, कुलूप लावायचं. प्रत्येक घराचा वास वेगळा. एकात डांबराच्या गोळ्या, एकात जुनी पुस्तकं, एकात काहीच नाही, आणि तोच सगळ्यात वाईट. भिंतीवर लग्नाचे, पदव्यांचे फोटो. सोफ्यांवर चादरी. आम्ही बाहेर पडलो की पाठीमागे घर बोलायला लागायचं. एका घरात बातम्या, एका घरात भजन, एका घरात शेतकऱ्यांसाठी हवामान. रस्त्यावरून चालताना वाटावं, गल्ली भरलेली आहे. सगळे जेवायला बसलेत.

'कृतार्थ' शेवटी आला. वाघ सरांचं घर. वाघ सर विधुर, निवृत्त मुख्याध्यापक, वर्षभर मुलाकडे पुण्याला.

"इथे तीन जोड का?" मी विचारलं. तिसरा जोड पुरुषी सँडलचा होता, टाचा झिजलेल्या.

"सिस्टरची हौस. तिला वाटतं, पाहुणा आलाय असं दिसावं."

"आणि मागचा दिवा दुपारपासून चालू आहे."

"असू दे," वन्सं फार पटकन म्हणाल्या. "होतं कधी."

आत त्यांनी दिवा लावला, रेडिओचं बटण फिरवलं. भजन सुरू झालं. मी पडद्याशी उभी होते. भजनाच्या खालून मला दुसरा आवाज आला. टण्. मग बराच वेळ काही नाही. मग टण्. टण्.

"काय वाजतंय?"

वन्संना एका कानाने कमी ऐकू येतं. त्यांनी मान तिरकी केली. "पाईप. नळाला पाणी येण्याआधी हवा येते ना, तेव्हा वाजतात. एक दिवसाआड पाणी आमच्याकडे." आणि त्यांनी रेडिओचा आवाज थोडा वाढवला. आम्ही कुलूप लावून बाहेर पडलो.

साडेसातला सिस्टर जेवायला आल्या. ठेंगण्या, जाड चष्मा, बोलायला फटकळ. वन्संनी शेंगोळे केले होते (हुलग्याच्या पिठाची कडबोळी लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवतात, नगरकडचा आवडता पदार्थ). वर लिंबू आणि कच्चा कांदा. मी दोनदा वाढून घेतले.

"न्यायला आलात ना यांना?" सिस्टर मला म्हणाल्या. "न्या. मला तरी शेंगोळ्यातलं तिखट सोसत नाही."

"सोसत नाही आणि वाटी तिसरी," वन्सं म्हणाल्या.

"पाणी वाढा, मग बोला. काल नळ इतका बारीक आला, माझी टाकी अर्धीच भरली. आता उद्यापर्यंत पुरवायचं."

माझा हात थांबला. "पाणी काल आलं? मग आज नाही?"

"आज कसं येईल? एक दिवसाआड."

मी वन्संकडे पाहिलं. त्यांचा घास हातातच होता.

"सिस्टर," मी म्हणाले, "कृतार्थच्या दारात तिसरा जोड तुम्ही ठेवला का?"

"मी? मी कशाला ठेवीन? मला वाटलं, यांनी ठेवला."

"आणि मागच्या खोलीचा दिवा?"

सिस्टरनी चष्मा काढला. पदराने पुसला. "तो परवा रात्रीपासून दिसतोय. मला वाटलं, सुमनबाईंनी चुकून लावला आणि विसरल्या. बोलले नाही. घरचे न्यायला येणार, हे मला ठाऊक होतं. त्यात विसराळूपणाचा डाग कशाला?"

"मला वाटलं, तुम्ही विसरलात," वन्सं हळू म्हणाल्या. "तुमचा मुलगा दिवाळीत म्हणाला होता ना, एक जरी चूक झाली तरी घेऊन जाईन. म्हणून मीही गप्प बसले."

मी उठून फळीवरची किल्ली घेतली.

'कृतार्थ'मध्ये भजन संपून कसलीशी मुलाखत चालू होती. वन्सं पडद्यापाशी अडखळल्या. दोन वर्षांचा नियम. मी पडदा बाजूला केला आणि आत गेले. मागच्या खोलीत, पलंग आणि कपाटाच्या मधल्या फटीत वाघ सर जमिनीवर पडले होते. उजवा पाय विचित्र वळलेला. ओठ पांढरे. हातात स्टीलचा पेला, आणि फरशीवर त्याने केलेल्या चंद्रकोरीसारख्या खुणा. डोळे उघडे होते. ते आमच्याकडे बघत होते, पण ओळख पटायला त्यांना वेळ लागला.

"आधी तो रेडिओ बंद करा," ते म्हणाले.

सिस्टर गुडघ्यांची पर्वा न करता खाली बसल्या. नाडी पाहिली, चमच्याने घोटभर पाणी दिलं, पाय हलवायचा नाही असं बजावलं. खुब्याचं हाड असणार, म्हणाल्या. मी रुग्णवाहिका बोलावली. वन्सं दारातच उभ्या होत्या, आत येईनात.

"परवा रात्री आलो," सर तुटक बोलत होते. "मुलाला सांगितलं, बहिणीकडे जातो. इथेच आलो. आल्या आल्या पडलो. मोबाईल बॅगेत, बॅग तिकडे कोपऱ्यात. सकाळी ग्लानीत असायचो. काल संध्याकाळी तुम्ही कुणीतरी आलात. हाक मारली. आज दोघी आलात. पेला वाजवला." मग वन्संकडे पाहून, रागाने नव्हे, नुसतं सांगावं तसं म्हणाले, "तुम्ही आवाज वाढवलात."

रुग्णवाहिकेत चढवताना त्यांनी माझा हात धरला. "मुलाला कळवू नका. पुन्हा सोडणार नाही तो मला."

मी तोवर फोन केला होता. अशा वेळी कळवायचंच असतं. मुलाला धक्का बसला. त्याला वडील आत्याकडे आहेत असं वाटत होतं, आणि आत्याला ते येणार हे माहीतच नव्हतं. दोन दिवस या माणसाची वाट कुठेच कुणी बघत नव्हतं. त्याच्या दारात मात्र रांगोळी होती.

सकाळी उठले तर वन्संची बॅग भरलेली. मी काही विचारलं नव्हतं. त्या चहा गाळत होत्या.

"आवाज मी वाढवला," एवढंच त्या म्हणाल्या.

"तुम्हाला ऐकू आलं नव्हतं, वन्सं."

"तेच म्हणते."

मी जे करायला आले होते ते झालं होतं, एक शब्दही खर्च न करता. बरं वाटायला हवं होतं. मी फळीवर दहावा खिळा ठोकला, वन्संनी त्याखाली चिठ्ठी चिकटवली, 'आशीर्वाद', त्याच सुंदर अक्षरात. मग फळी उचलून सिस्टरकडे नेली. सिस्टरनी ती दोन्ही हातांनी घेतली.

"एक नवा नियम करते," त्या म्हणाल्या. "रेडिओ लावायच्या आधी घरमालकाचं नाव घेऊन हाक मारायची. दहा आकडे मोजायचे. उत्तर नाही आलं, तरच बटण फिरवायचं."

"आणि माझ्या घरात?" वन्संनी विचारलं.

"तुम्हालाही मारणार. मी काय भेदभाव करते का?"

निघताना वन्संनी स्वतःच्या पायरीवर दोन जोड लावले. स्वतःचा एक जुना, आणि यजमानांच्या कोल्हापुरी चपला, ज्या त्यांनी कपाटातून काढून पुसल्या होत्या. तारेवर एक धुतलेलं पातळ टाकलं, चिमटे लावले. रांगोळी घातली. रिक्षा कॉलनीच्या तोंडाशी होती. मी वळून पाहिलं. चौदा घरं, चौदा रांगोळ्या. त्या ओळीत 'आशीर्वाद' जराही वेगळं दिसत नव्हतं. कुणीही म्हणालं असतं, बाई आत आहेत, आंघोळीला गेल्या असतील.

माळावर दणका बसला. आता मीही वळून पाहिलं नाही.

याला दोन महिने झाले. वाघ सरांचं खुब्याचं ऑपरेशन झालं, ते पुण्याला आहेत. त्यांची सँडल सिस्टरनी दारातून काढलेली नाही. वन्सं आमच्याकडे आहेत. तब्येत बरी आहे, कानाला यंत्र लावलं आहे, पंख्याखाली बसतात. संध्याकाळी सहा वाजले की उठतात आणि हॉलच्या भिंतीकडे बघतात, जिथे आमचं कॅलेंडर आहे.

सव्वासहाला सिस्टरचा फोन येतो, 'आशीर्वाद'च्या दारातून. वन्सं तो स्पीकरवर ठेवतात. मला स्वयंपाकघरात ऐकू येतं. कुलूप उघडल्याचा आवाज, दिव्याचं बटण, मग सिस्टरची खणखणीत हाक, "सुमनबाई, आत आहात का?" रिकाम्या घरात ती हाक घुमते आणि फोनमधून आमच्या घरात येते. मग सिस्टर मोजतात. एक. दोन. तीन. चार-पाचच्या सुमारास वन्सं म्हणतात, "नाही हो, नाशिकला आहे." पलीकडे रेडिओ लागतो. फोन बंद होतो. रोज हेच.

परवा सिस्टरनी हाक मारली. मोजायला लागल्या. पाच झाले, सहा झाले. मला वाटलं, यंत्राचा सेल गेला. मी पोळीचा तवा उतरवून दारात आले. यंत्र कानात होतं. वन्सं फोनकडे बघत ताठ बसल्या होत्या. आठ. नऊ. दहा.

पलीकडे रेडिओ लागला नाही. सिस्टर नुसत्या उभ्या असणार. त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि त्या घराची शांतता.

"सुमनबाई?"

"आहे," वन्सं म्हणाल्या.

मी आत जाऊन उरलेल्या पोळ्या केल्या. यांना जेवताना सांगितलं. सकाळी नगरच्या गाडीचं एक आरक्षण केलं, वन्संच्या नावाने. परतीचं केलं नाही.